सवय होईल

जे सुरळीत चाललंय त्याला उगाच हात लावू नये, एवढी अक्कल माणसाला स्वयंपाकघरात असते. संगणकासमोर बसला की ती कुठं जाते कोण जाणे! बँकेचं ॲप घ्या, गॅसची नोंदणी घ्या, विजेचं बिल घ्या. काल जिथं बोट ठेवलं की काम व्हायचं, तिथं आज भलतंच काहीतरी हसरं चित्र. आणि कुरकुर केली की पलीकडून गोड आवाजात उत्तर येतं, की सवय होईल.

असं उत्तर देणाऱ्यांपैकीच एक होती ऋजुता अंदुरे. मुलगी वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. फलटणच्या कासाराची पोर, बापाचा बांगड्यांचा धंदा, शिकून पुण्यात मोठ्या कंपनीत लागली. ती कंपनीही माणसांना नको ते विकणारी नव्हती. कंपवाताच्या रोग्यांसाठी ‘स्थिरा’ नावाचं यंत्र तिथं बनत होतं, आणि ते माणसानं वापरायचं कसं, हे ठरवणाऱ्या गटाची ऋजुता प्रमुख होती.

आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं. हात उचलावा असं मनात आलं की हातानं तो मुकाट उचलावा, याची व्यवस्था ते बघतं. कंपवातात ते तयार करणाऱ्या पेशीच हळूहळू मरत जातात. गोळी घेतली की थोडा वेळ बरं, मग पुन्हा थरथर सुरू. स्थिरानं हे चढउतार संपवले. गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवलेली सुपारीएवढी डबी थेंबाथेंबानं औषध सोडत राहायची, आणि मनगटावरचा पट्टा थरथर मोजून डबीला कळवत राहायचा.

पण या औषधाची मोठी खोड होती. कमी पडलं तर हात कापायचे, आणि फार झालं तर हात आपोआप वळवळायचे आणि समोर नसलेली माणसं मेंदू दाखवायला लागायचा. म्हणून दिवसभराचं काम आटोपलं की औषधाची धार खाली आणून मेंदूला विसावा द्यावा लागे. हात स्वस्थ आहेत ते औषधानं की विश्रांतीनं, हे पट्ट्याला कळत नसे. ते माणसानंच सांगायचं. त्यासाठी आधीच्या स्थिराला गळ्यात अडकवायचा एक खटका होता. वर सरकवला की धार जास्त, खाली सरकवला की कमी. कट् असा आवाज यायचा, बस्स.

हा खटका ऋजुतानं काढून टाकला. “ज्यांचे हात थरथरतात त्यांनाच आपण खटका सरकवायला लावतो! लाज वाटायला हवी आपल्याला,” असं ती भर बैठकीत म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नव्या स्थिराला नुसतं बोलायचं. डबी फक्त आपल्या धन्याचा आवाज ऐकायची, आणि उत्तर द्यायची ते घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात. तिच्या बाबांनाही, मोरेश्वर अंदुऱ्यांना, कंपवात होता; त्यांच्या डबीत या लेकीचाच आवाज होता. ऋजुतानं हौसेनं स्वतः भरला होता.

बाबांचा तेव्हा फोन आला होता. “अगं, तो खटका बरा होता. न बघता हाताला लागायचा. एखादा ठेवता नाही का येणार? माझ्यापुरता?”

“बाबा, सवय होईल,” म्हणून ऋजुतानं फोन ठेवला. तिची बैठक चालू होती.

पावसाळा सरता सरता नव्या स्थिराला कसलंसं मोठं पारितोषिक मिळालं. कार्यालयात केक कापला जात होता, ऋजुताच्या गालाला कुणीतरी क्रीम फासलं होतं, आणि तेवढ्यात तेजसदादाचा फोन वाजला.

“ऋजू, ये बाई लवकर. बाबांचं डोकं ताळ्यावर नाही.”

“म्हणजे?”

“काल संध्याकाळी पायरीवर बसले होते. समोर कुणी नाही. आणि हवेत हात धरून बांगड्या भरत होते. एक भरली की पडली, दुसरी भरली की पडली, सगळी पायरी काचांनी भरली. मी म्हणालो, बाबा, अहो फुटल्या सगळ्या! तर माझ्यावरच डाफरले. ‘फुटल्या नाही म्हणायचं, वाढल्या म्हण.’ वेडातसुद्धा कासारकी सुटत नाही बघ.”

दादा हसायचा प्रयत्न करत होता, पण आवाज रडका होता. ऋजुतानं गाल पुसला आणि तशीच निघाली. बसमध्ये तिनं फोनवर बाबांच्या डबीचा साप्ताहिक अहवाल उघडला. हिरवंगार पान होतं, त्यावर फुगे उडत होते. ‘बाबा स्थिराचा छान वापर करत आहेत!’ आधी तिथं आकडे असायचे. आकड्यांनी नातेवाईक धास्तावतात म्हणून फुगे आणले होते. कुणी आणले ते वेगळं सांगायला नको.

दुकानात शिरली तेव्हा बाबा गल्ल्याशेजारी नुसते बसून होते. एरवी बाई दारात दिसली की “या माई, बसा, आणा हात इकडं” सुरू व्हायचं. मनगट नुसतं चाचपलं की दोन-चार मापाची बांगडी लागेल की दोन-सहाची, ते त्यांना कळे. आता एक सासू नव्या सुनेला घेऊन आली, तर तेजसच पुढं झाला. बाबांनी आपले हात मांडीखाली दाबून धरले. ते थरथरत नव्हते, वळवळत होते. न विचारता आपापले हलत होते.

“मामा, तुम्ही नाही भरत?” त्या बाईनं विचारलं.

“आता हा भरतो,” बाबा म्हणाले आणि दुसरीकडं बघू लागले.

गिऱ्हाईक गेल्यावर ऋजुता त्यांच्याजवळ बसली. तेजस आत चहा टाकायला गेला होता. बाबांनी आधी आत कानोसा घेतला, मग हळूच विचारलं, “माझं डोकं गेलंय का गं?”

“काहीतरीच काय बाबा!”

“मग तुझी आई कशी येते?”

“आई?” ऋजुतानं विचारलं.

“दुकान वाढवून आत वळलो की पायरीवर बसलेली असते. बोलत नाही. नुसते हात पुढं करते. भुंडे हात गं.” बाबांनी पायरीकडं पाहिलं. “ती नाही हे कळतं मला, तेवढा शहाणा आहे अजून. पण कुणी हात पुढं केल्यावर कासारानं नाही म्हणायचं व्हय?”

भुंडे हात का, ते ऋजुताला ठाऊक होतं. आई सवाष्ण गेली. जाणारीला हिरवा चुडा भरायचा, तो मीच भरतो म्हणून नवऱ्यानं पुढं व्हावं, तर बाबांचे हात असे कापत होते की एकही बांगडी मनगटावर चढेना. सगळ्या गावाच्या लेकीसुनांना चुडे भरलेला माणूस! शेवटी बाबांच्या बारामतीच्या चुलतभावानं, तोही कासारच, ते काम केलं. बाबा भिंतीला तोंड करून उभे होते. त्या दिवसानंतरच ऋजुतानं स्थिरा बनवणाऱ्या कंपनीत अर्ज केला होता.

“गावातले डॉक्टर म्हणतात, वयानं होतं असं. गोळ्या दिल्यात,” तेजस चहा घेऊन येत म्हणाला. “मी ठरवलंय ऋजू, दुकान आवरायचं. माल सगळा बारामतीच्या काकांना देऊन टाकू. उद्या खरोखरच्या बाईच्या हातात काच घुसवली म्हणजे?”

बाबांनी मान डोलावली. त्यांनी भांडायला हवं होतं. त्यांनी मान डोलावली हेच ऋजुताला सोसवेना.

दिवेलागणीला बाबा उठले. हलणाऱ्या हातांनी त्यांनी मांडणीवरच्या बांगड्यांवर फडकं टाकलं, गादी झटकली, देवीच्या तसबिरीपुढं हात जोडले. “चला, वाढवा दुकान,” ते म्हणाले, आणि तेजसनं शटर अर्धं ओढलं. लहानपणापासून ऋजुतानं हे ऐकलं होतं. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बाबांच्या तोंडून बंद, संपलं, कमी झालं, फुटलं असला अभद्र शब्द घरात कुणी कधी ऐकला नव्हता.

मग बाबांनी गळ्याखालच्या डबीवर दोन बोटं ठेवली आणि मायेनं म्हणाले, “चल बाई, तूही वाढव आता.”

“वाढवलं, बाबा,” डबी म्हणाली. ऋजुताच्याच आवाजात.

बाबा समाधानानं आत वळले.

ऋजुता तिथंच खिळून उभी राहिली. बाबा रोज संध्याकाळी, विसाव्याच्या वेळी, औषध थांबव म्हणून सांगत होते, आणि तिची लाडकी डबी त्याच वेळी धार चढवत होती. वरून लेकीच्या आवाजात सांगत होती, की वाढवलं! म्हाताऱ्याला ऐकायचं होतं तेच उत्तर. डॉक्टरांनी कमाल मात्रा बांधून दिली होती म्हणून जीव वाचला होता. पण त्या मात्रेवर मेंदूला विसावा असा मिळतच नव्हता. खटका असता तर बाबांनी तो मुकाट्यानं खाली सरकवला असता. खटक्याला मराठी कळत नव्हतं, हेच त्याचं मोठेपण.

आणि तो शब्द यादीत कुणी घातला होता? जास्त करण्याचे शब्द: वाढव, चढव, जास्त कर. कमी करण्याचे: कमी कर, उतरव, थांबव, बंद कर. कासाराच्या पोरीनं स्वतः बसून टंकलेली यादी होती ती. चाचणीच्या वेळी बार्शीचे एक कापडदुकानदार आजोबा असंच अवेळी ‘वाढव, वाढव’ म्हणत होते. ‘आजोबा गोंधळलेत’ असं म्हणून ऋजुतानं ती तक्रार निकालात काढली होती. एकदाही आपलं दुकान आठवलं नाही? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

“बाबा, थांबा! डबीला म्हणा, कमी कर.”

“दिवेलागणीला असलं बोलू नये,” बाबा आतूनच म्हणाले.

तिनं स्थिरा बसवणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या परवानगीनं आपल्या फोनवरून धार खाली आणली, आणि मग गच्चीवर जाऊन सहकारी फाल्गुनीला सगळं सांगितलं.

फाल्गुनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हे बघ, पुढच्या सुधारणेत तो शब्द गुपचूप नीट करू. संध्याकाळी कुणी ‘वाढव’ म्हणालं की उलट विचारायचं, कमी की जास्त. संपलं. बोभाटा कशाला? पारितोषिक जाईल, कंपनी जाईल, आणि पहिलं तुझं नाव जाईल. बाबा बरे होतील ना? मग झालं तर.”

आणि ऋजुता हो म्हणाली. आपली ऋजुता, जी वाईट नव्हती, ती हो म्हणाली.

ऋजुता रोज दिवेलागणीला फोनवरून गुपचूप धार खाली आणायची, आणि बाबा खरंच सुधारू लागले. हातांची वळवळ थांबली, नजर निवळली. तेजसला वाटलं, गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. “पण हे परत होणार, वय आहे,” असं म्हणत तो माल बांधत राहिला. ऋजुता त्याला दोरी धरून मदत करत होती. काय सांगावं दादाला? आज सांगू, जेवण झाल्यावर सांगू, असं करत ती दिवस ढकलत होती. रजा वाढवून घेतली होती, ती कशासाठी हेही तिला नीट सांगता येत नव्हतं.

एका दुपारी बाबा जमिनीवर बसून दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्यांचे तोडे कागदात गुंडाळत होते. हात स्थिर होते. एकसुद्धा काच वाजत नव्हती.

“बाबा, तुमचे हात तर छान चालतायत.”

“हात चालतायत गं. पण ज्याचं डोकं गेलं त्यानं बायाबापड्यांचा हात धरू नये. त्यांचा भरवसा असतो म्हणून त्या हात देतात.” ते हसले. “तू नको वाईट वाटून घेऊ. तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस. तुझ्या यंत्रानं चांगले दिवस दाखवले मला.”

हे ऐकल्यावर मात्र ऋजुताचा बांध फुटला. ती त्यांच्यासमोर मटकन खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. खटका, यादी, फुगे, बार्शीचे आजोबा, फाल्गुनीचा सल्ला, आणि आपण त्याला दिलेला होकारसुद्धा. तेजस दोरी हातात धरून ऐकत होता.

“म्हणजे इतके दिवस तुला माहीत होतं?” तो ओरडला. “आणि तू माझ्याबरोबर खोकी बांधत होतीस? मी बापाला वेडा ठरवत होतो आणि तू दोरी धरत होतीस?”

“हो,” ऋजुता म्हणाली.

बाबांनी हातातला तोडा खाली ठेवला. “म्हणजे मी वेडा नाही.”

“नाही बाबा.”

“कधीच नव्हतो?”

“कधीच नव्हता. तुम्ही बरोबर बोलत होता. आम्हाला कळलं नाही.”

बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ तो तोंडावरून काढलाच नाही. मग म्हणाले, “तेजस, खोकी सोड ती.” तेजस मुकाट्यानं गाठी सोडायला बसला. ऋजुताही पुढं झाली, तर त्यानं तिचा हात बाजूला केला.

तिथंच बसून तिनं कंपनीच्या प्रमुखांना फोन लावला. काय घडलं ते सांगितलं, आणि आज संध्याकाळच्या आत स्थिरा वापरणाऱ्या प्रत्येक घरी कळवलं नाही तर मी स्वतः सरकारी औषध खात्यात जाऊन सांगेन, हेही सांगितलं. प्रमुख आधी समजावत होते, मग तापले, शेवटी कळवायला तयार झाले. डबीत उलटा प्रश्न विचारायची सोय लगेच करण्यात आली. खटका परत आणायला मात्र वर्ष लागेल म्हणाले. काढायला एक बैठक पुरली होती.

ऋजुताची गटप्रमुखाची जागा गेली. येणारे फोन घ्यायचं काम तिनं मागून घेतलं, आणि फलटणहूनच करू लागली. फोन कसले, एकेक ऐकून काळीज चरकायचं. कुठल्याशा आजींना घरच्यांनी खोलीत कोंडून ठेवायला सुरुवात केली होती. कुणाच्या मामांना भूत लागलं म्हणून देवऋष्याकडं नेलं होतं. बार्शीच्या आजोबांचा नातू बोलला. आजोबांना लातूरच्या आश्रमात ठेवलं होतं. “घरी आणतोय आता,” तो म्हणाला. “पण ते आमच्याशी बोलत नाहीत.” ऋजुता प्रत्येकाला आपलं नाव सांगून माफी मागायची. काही जण शिव्या द्यायचे. शिव्या ऐकून तिला जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचीही लाज वाटायची.

दुकान पुन्हा भरलं. बाबा मोठ्या झोकात बसू लागले. “आणा माई हात. अहो, सैल सोडा, मी काय पळवून नेतोय व्हय हात?” बायका हसायच्या, आणि बांगड्या मनगटावरून सुळकन चढायच्या. तेजससुद्धा बहिणीशी थोडंथोडं बोलायला लागला.

अशाच एका संध्याकाळी तेजस बाहेर गेला होता, म्हणून ऋजुताच बाबांसोबत दुकानात होती. बाबांनी फडकं टाकलं, हात जोडले, दुकान वाढवलं. मग डबीवर दोन बोटं ठेवून म्हणाले, “वाढव, बाई.”

“कमी करू की जास्त, बाबा?” डबीनं विचारलं.

ही नवी सोय. रोज बाबा पटकन काहीतरी पुटपुटून मोकळे व्हायचे, असं ऋजुताला वाटायचं. आज ती शेजारीच उभी होती. बाबा पुटपुटले नाहीत. ते पायरीकडं बघत होते. पायरीवर कुणी नव्हतं.

“औषध जास्त होतं म्हणून ती यायची, नाही का गं?”

“हो, बाबा.”

“डोक्याचा खेळ नुसता.”

“हो.”

“पण हात थंडगार असायचे तिचे. नेहमीसारखे.” त्यांनी आपले स्थिर, नेटके हात समोर धरून पाहिले. “ती होती तेव्हा माझे हात धड नव्हते. आता हात धड झाले, तर तिला येऊ द्यायचं नाही. रोज दिवेलागणीला मीच तिला भुंड्या हातांनी परत पाठवायचं व्हय?”

बापाचं वेड खोटं ठरवताना आपण त्याची बायकोही दुसऱ्यांदा नेली, हे ऋजुताला आत्ता कळत होतं.

“कमी करू की जास्त, बाबा?” डबीनं तितक्याच गोडव्यानं पुन्हा विचारलं.

बाबांनी पायरीवरची नजर काढली.

“कमी कर,” ते म्हणाले.

“कमी केलं, बाबा,” ऋजुताचा आवाज म्हणाला. ऋजुता गप्पच उभी होती.